मणक्याचा जंतुसंसर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठ कधीच दुखली नाही असा माणूस विरळा. त्यामुळे एखादा आजार पाठदुखीचं सोंग घेऊन आला, तर तो आठवडेच्या आठवडे बेमालूम वावरू शकतो. मणक्याच्या जंतुसंसर्गाचं नेमकं हेच होतं. आजार तसा दुर्मीळ, वेळेत पकडला तर बहुतेकदा बरा होणारा. पण पकडायलाच उशीर होतो. रुग्ण आणि त्यांची माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं.

मणक्यात जंतुसंसर्ग म्हणजे नेमकं कुठे काय होतं?

पाठीचा कणा हा एकावर एक रचलेल्या मणक्यांचा खांब. दोन मणक्यांच्या मध्ये गादी, मागच्या बाजूला हाडाच्या नळीतून जाणारा मज्जारज्जू आणि दोन्ही अंगांना स्नायू. जंतू यांपैकी कुठेही ठाण मांडू शकतात. सर्वांत जास्त दिसणारा प्रकार असा: एका मणक्याच्या कडेला सुरुवात होते, शेजारची गादी खाल्ली जाते आणि पलीकडच्या मणक्यालाही झळ पोहोचते. रिपोर्टवर ‘स्पॉन्डिलोडिस्कायटिस’ असा लांबलचक शब्द दिसतो त्याचा अर्थ एवढाच, की मणका आणि गादी दोन्हींना संसर्ग आहे. फक्त गादीला असेल तर ‘डिस्कायटिस’, फक्त हाडाला असेल तर ‘ऑस्टिओमायलायटिस’. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर पू साचला तर ‘एपिड्युरल ॲब्सेस’. या शेवटच्या नावाला मात्र बिचकायला हवं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पाठीला जखम नाही, मार नाही. मग जंतू आत शिरले कुठून?

बहुतेक वेळा रक्तातून. लघवीच्या मार्गाचा संसर्ग, पायावरची चिघळलेली जखम, कातडीवरचं गळू, दाताच्या मुळाशी साचलेला पू, शिरेत बरेच दिवस ठेवलेली सलाईनची किंवा डायलिसिसची नळी, हृदयाच्या झडपेला लागलेला संसर्ग यांपैकी कुठूनही जंतू रक्तात उतरतात. मणक्याच्या हाडाला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि कडेजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांत प्रवाह संथ होतो, तिथे ते रुजतात. शिवाय ओटीपोटातल्या शिरा आणि मणक्याभोवतीच्या शिरा एकमेकींना जोडलेल्या असतात आणि मणक्याभोवतीच्या शिरांना झडपा नसतात. खोकताना, कुंथताना रक्त उलटही वाहू शकतं. मूत्राशयातले जंतू कंबरेच्या मणक्यात पोहोचण्याचा हा एक मार्ग मानला जातो.

मूळ संसर्ग पुष्कळदा आधीच बरा झालेला असतो. ‘दीड महिन्यापूर्वी लघवीला जळजळ होत होती’ हे रुग्णाला आठवतही नाही, कारण कंबरेशी त्याचा संबंध असेल असं वाटत नाही. म्हणून डॉक्टर मागच्या दोन-तीन महिन्यांतली सगळी आजारपणं उकरून विचारू लागले तर कंटाळू नका.

दुसरा मार्ग सरळ आत शिरण्याचा: मणक्यावरची शस्त्रक्रिया, पाठीत दिलेलं इंजेक्शन किंवा काढलेलं पाणी. हा कमी वेळा दिसतो.

हे जंतू कोणते असतात?

पू करणाऱ्यांत पहिला क्रमांक स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा. तो एरवी कित्येक निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर निमूट राहतो. लघवीच्या वाटेने येणारा ई. कोलाय, मग स्ट्रेप्टोकॉकस. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांत स्यूडोमोनास आढळतो. कच्चं दूध पिणाऱ्यांना किंवा जनावरांत काम करणाऱ्यांना ब्रुसेला होऊ शकतो. प्रतिकारशक्ती अगदी खालावलेल्यांत बुरशीही. आणि क्षयाचा जंतू, ज्याचा स्वभाव या सर्वांहून वेगळा.

साधी पाठदुखी आणि ही पाठदुखी यांत फरक कसा ओळखायचा?

सगळ्या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, आणि याचं एका ओळीत उत्तर नाही.

उसण भरते तेव्हा कारण बहुधा सांगता येतं: बादली उचलली, वाकून काहीतरी ओढलं. पडून राहिलं की आराम वाटतो आणि दोन-चार आठवड्यांत दुखणं ओसरू लागतं. जंतुसंसर्गाचं दुखणं हळूहळू येतं, नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही आणि दर आठवड्याला ते आधीपेक्षा थोडं वाढलेलंच असतं. आडवं पडल्यावरही ते पुरतं थांबत नाही. रात्री झोपेतून उठवतं. कूस बदलताना, अंथरुणातून उठताना कळ येते. कण्याच्या एकाच ठिकाणी बोटाने टिचकी मारली तरी माणूस कळवळतो. पाठीचे स्नायू फळीसारखे ताठ होतात.

दुखण्याच्या जोडीला काय आहे तेही बघा. भूक मेली आहे, वजन उतरतंय, संध्याकाळी अंग कसकसतं, रात्री घामाने कपडे भिजतात, यांतलं काही असेल तर ‘मणक्यात गॅप आहे’, ‘हाड झिजलंय’ या ठरीव उत्तरांवर समाधान मानू नये. गॅपमुळे माणसाची भूक जात नाही.

वेदनाशामक गोळ्यांनी दोन-चार तास बरं वाटणं याला काही अर्थ नाही. त्या संसर्गाचं दुखणंही दाबतात. स्टेरॉइडच्या गोळ्या तर आणखी फसव्या. त्यांनी चार दिवस छान वाटतं आणि आत जंतूंना मोकळं रान मिळतं.

ताप नाही. मग संसर्ग नसेल ना?

असू शकतो. मणक्याच्या संसर्गात ताप साधारण निम्म्याच रुग्णांना येतो. क्षयात तर आणखी कमी जणांना. वयस्कर माणसं, मधुमेही, डायलिसिसवर असलेले आणि दुखण्यासाठी रोज पॅरासिटामॉल घेणारे यांचा ताप पुष्कळदा वर येतच नाही.

कोणत्या लक्षणांत सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं?

पायांतली ताकद कमी होणं, चालताना पाय लटपटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसण्याच्या जागेला बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं. मानेच्या मणक्यात संसर्ग असेल तर हात लुळे पडणं, गिळायला त्रास होणं. पाठदुखीसोबत थंडी वाजून जोराचा ताप आणि बडबड किंवा गुंगी आली तरीही हेच.

एपिड्युरल ॲब्सेसमध्ये पू मज्जारज्जूवर दाब आणतो आणि त्याचा रक्तपुरवठाही बिघडवतो. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी पाठ दुखते, मग कळ नसेवरून छातीभोवती किंवा पायात उतरते, मग अशक्तपणा आणि लघवीचा त्रास, शेवटी लकवा. पहिल्या दोन पायऱ्यांना आठवडे लागू शकतात. तिसरीवरून चौथीवर माणूस काही तासांत जाऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या आधी पायांत ताकद किती होती यावर पुढचं चालणं मोठ्या प्रमाणात ठरतं. ‘ताप, पाठदुखी आणि अशक्तपणा’ ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसणारे रुग्ण थोडेच असतात, त्यामुळे तिन्हींची वाट पाहण्यात काही राम नाही.

कोणाला धोका जास्त?

मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार, यकृताचा आजार, कर्करोग, एचआयव्ही, अतिमद्यपान, कुपोषण, साठीपुढचं वय. संधिवातासाठी किंवा अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे. नुकताच रक्तात संसर्ग होऊन गेलेले. मात्र यातलं काहीही नसलेल्या धडधाकट माणसालाही हा आजार होतो, क्षय तर नक्कीच.

एक्स-रे नॉर्मल आला. अजून कशाला तपासण्या?

कारण हाडातलं ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेवर फारसं काही उमटत नाही. पहिले काही आठवडे तो स्वच्छच दिसतो.

सुरुवात रक्तापासून होते. ईएसआर आणि सीआरपी हे शरीरातली सूज दाखवणारे दोन आकडे बहुतेकांत वाढलेले असतात. पांढऱ्या पेशी मात्र पुष्कळदा नेहमीइतक्याच असतात, त्यांवर विसंबू नये. संशय असेल तर एमआरआय. आजच्या घडीला त्याच्याइतकी चांगली दुसरी तपासणी नाही. शक्य असेल तर पूर्ण कण्याचा काढतात, कारण संसर्ग एकाच वेळी दोन दूरच्या ठिकाणी असू शकतो आणि दुखतं मात्र एकाच जागी. पेसमेकरसारख्या कारणाने एमआरआय जमत नसेल तर सीटी किंवा पेट स्कॅन.

एमआरआयही कधी चकवतो. झिजलेल्या गादीशेजारचा मणका सुजलेला दिसू शकतो आणि संसर्गाचा भास होतो. कर्करोगाची गाठही मनात येते. तिथे एक ढोबळ खूण कामी येते: गाठ मणका पोखरते पण गादी सहसा सोडते, पू करणारे जंतू गादीला सोडत नाहीत.

एमआरआयमध्ये दिसलंच आहे, मग सुई घालून तुकडा कशाला काढायचा? अँटिबायोटिक का थांबवलंय?

घरच्यांचा सर्वांत जास्त राग इथे होतो. माणूस कण्हतोय आणि डॉक्टर म्हणतात, औषध उद्या-परवा सुरू करू. यात हयगय नसते.

एमआरआय संसर्गाची जागा दाखवतो, जंतूचं नाव सांगत नाही. औषध मात्र जंतू बघून ठरतं, आणि ते घ्यायचं असतं आठवडेच्या आठवडे. चुकीचं औषध सहा आठवडे घेतलं तर सहा आठवडे वाया, शिवाय पुढच्या तपासणीत जंतू सापडण्याची शक्यताही कमी. म्हणून आधी दोन-तीन वेळा वेगवेगळ्या जागेतून रक्त घेऊन ब्लड कल्चर लावतात, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखतात. सुमारे निम्म्या रुग्णांत त्यातच जंतू सापडतो. नाही सापडला तर सीटी स्कॅनच्या मदतीने सुई मणक्यापर्यंत नेऊन नमुना घेतात. जागा बधिर करून हे काम होतं. त्या नमुन्याचे भाग पाडून साधं कल्चर, क्षयाचं कल्चर, क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणारी जीन एक्स्पर्ट तपासणी, बुरशीची तपासणी आणि सूक्ष्मदर्शकाखालची बायोप्सी असं सगळं करतात. आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर कल्चर कोरं येण्याची भीती असते. क्षयाच्या कल्चरला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, जीन एक्स्पर्टचा निकाल काही तासांत मिळतो आणि रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही कळतं.

याला अपवाद आहेत. रक्तदाब घसरला असेल, संसर्ग रक्तात पसरला असेल, किंवा पाय लुळे पडू लागले असतील, तर कल्चरचं रक्त घेऊन औषध तत्काळ सुरू होतं. तेव्हा नाव नंतर विचारायचं.

पाठदुखीसाठी आपल्याच मनाने अँटिबायोटिकचा कोर्स घेऊ नये तो याचसाठी. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं क्षयाच्या जंतूलाही थोडी मारतात; माणसाला पंधरा दिवस बरं वाटतं आणि निदान महिनाभर पुढे जातं.

मणक्याचा टीबी वेगळा कसा?

तो घाई करत नाही. पू करणारे जंतू आठवड्यांत जे करतात ते क्षय महिन्यांत करतो. त्याला छातीचा आणि छाती-कंबर जोडणीचा भाग जास्त आवडतो, पू करणाऱ्यांना कंबर. क्षयात गादी बराच काळ तग धरते, मणक्याचा पुढचा भाग मात्र ढासळतो आणि कणा पुढे वाकून पाठीवर टोक येतं. हेच ते कुबड. बाजूला मोठाली गळवं साचतात; त्यांना ‘थंड गळू’ म्हणतात, कारण ती ना लाल होतात ना गरम. कंबरेतला पू सोआस या कंबरेपासून मांडीपर्यंत जाणाऱ्या स्नायूच्या वाटेने ओघळत जांघेत येऊन फुगतो आणि माणूस जांघेतली गाठ दाखवायला सर्जनकडे जातो. अशी गाठ कोणी बाहेरून चिरू नये. जखम महिनोन्‌महिने वाहत राहते.

हाडांच्या क्षयांपैकी सुमारे निम्मे मणक्यातले असतात. प्राचीन इजिप्तच्या ममींमध्ये असे ढासळलेले मणके सापडले आहेत. १७७९ साली लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी कुबड आणि पायांचा लकवा यांचं नातं वर्णन केलं, म्हणून ‘पॉट्स डिसीज’ हे नाव पडलं. जंतू कोणता ते पॉटना ठाऊक असणं शक्य नव्हतं. तो रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवला.

घरात मणक्याच्या टीबीचा रुग्ण आहे. इतरांना लागण होईल का?

फक्त मणक्यात असेल तर नाही. क्षय पसरतो तो फुप्फुसातून, खोकल्यावाटे. म्हणून अशा प्रत्येक रुग्णाच्या छातीचा एक्स-रे आणि गरज पडल्यास थुंकी तपासतात. फुप्फुस स्वच्छ असेल तर ताट, पेला, अंथरूण वेगळं करण्याचं काहीच कारण नाही. पू करणाऱ्या जंतूंचा मणक्यातला संसर्गही सोबत राहण्याने लागत नाही.

औषध किती दिवस? सगळं सलाईनमधूनच घ्यावं लागतं का?

पू करणाऱ्या जंतूंसाठी बहुतेकांना सहा आठवडे पुरतात. पूर्वी सर्रास तीन महिने देत. फ्रान्समध्ये ३५९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे आणि बारा आठवडे अशा दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ९१ टक्के, म्हणजे सारखंच निघालं. पू पूर्ण निघालेला नसेल, जंतू औषधांना दाद न देणारा असेल किंवा आत धातू बसवलेला असेल, तर मुदत वाढते.

सलाईनबद्दलही समजूत बदलली आहे. हाडा-सांध्यांच्या संसर्गावर ब्रिटनमध्ये एक हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्याच्या आत गोळ्यांवर गेलेल्यांचा आणि सहा आठवडे शिरेतून औषध घेतलेल्यांचा वर्षभरानंतरचा निकाल सारखाच होता. पण गोळी कोणतीही चालत नाही; ती हाडात उतरणारी आणि त्या जंतूवर चालणारी हवी. हृदयाच्या झडपेला संसर्ग असेल तर हिशेब वेगळा.

क्षयासाठी चार औषधांनी सुरुवात करून एकूण ९ ते १२ महिने, काहींना त्याहून जास्त. तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबतं, वजन वाढतं आणि नेमक्या त्याच वेळी गोळ्या सोडण्याचा मोह होतो. अर्धवट सोडलेल्या औषधांतून दाद न देणारा क्षय तयार होतो, आणि मग औषधं जास्त, त्रास जास्त.

टीबीच्या गोळ्यांचा त्रास कोणता?

लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनमुळे. घाबरायचं कारण नाही. हातापायांना मुंग्या आयसोनियाझिडमुळे येऊ शकतात, त्यासाठी बी-६ जीवनसत्त्व देतात. पायराझिनामाइडने सांधे दुखू शकतात. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या तर यकृताला त्रास होतोय असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. रंग ओळखताना गोंधळ उडू लागला किंवा नजर अंधूक झाली तर एथॅम्ब्युटॉलबद्दल लगेच सांगा. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारी काही औषधं निष्प्रभ होतात, ही गोष्ट सांगायची पुष्कळदा राहून जाते.

ऑपरेशन लागतंच का?

बहुतेकांना नाही. मज्जारज्जूवर दाब येऊन ताकद कमी होत असेल, कणा डळमळीत झाला असेल, कुबड वाढत असेल, मोठं गळू औषधाने आटत नसेल, किंवा सुईने निदानच होत नसेल तेव्हा ते करतात. काही गळवं नळी घालूनही रिकामी करता येतात.

जिथे जंतू आहेत तिथेच स्क्रू आणि सळ्या बसवायच्या? हे उलटंच नाही का?

वाटतं खरं. पण सडलेला भाग नीट साफ केला, योग्य औषध चालू ठेवलं, तर टायटॅनियमचे स्क्रू बसवून कणा स्थिर करणं सुरक्षित ठरलं आहे. हलत्या हाडात संसर्ग लवकर बरा होत नाही. स्थिरता हाच उपचाराचा भाग आहे. क्षयाचा जंतू धातूवर फारसा चिकटून बसत नाही, स्टॅफिलोकॉकस चिकटतो, म्हणून त्यात औषधाची मुदत जास्त.

झोपूनच राहायचं का?

पूर्वी महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये झोपवत. आता दुखणं तीव्र असेतोवर थोडी विश्रांती, मग पट्टा लावून उठणं-चालणं. पट्टा औषधाची जागा घेत नाही, हाड भरेपर्यंत आधार देतो. वजन उचलणं, कंबरेतून वाकणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद. खाण्यात प्रथिनं भरपूर हवीत आणि तंबाखू नको, ती हाड जुळू देत नाही.

औषध सुरू आहे, बरंही वाटतंय, पण दुसऱ्या एमआरआयमध्ये आजार वाढलेला दिसतोय!

हे फार वेळा होतं आणि विनाकारण घरादाराची झोप उडते. चित्र माणसाच्या मागून चालतं. जंतू मेल्यावरही सूज आणि हाडातला बदल काही आठवडे टिकतो, वाढल्यासारखाही दिसतो. क्षयात तर पहिल्या काही महिन्यांत औषध लागू पडत असतानाही गळू मोठं होऊ शकतं. म्हणून दुखणं कमी होतंय का, भूक परतली का, सीआरपी उतरतोय का, हे आधी बघायचं. सीआरपी पटकन खाली येतो, ईएसआर रेंगाळतो. सगळं सुधारत असेल तर एमआरआय घाईने पुन्हा काढू नये असं माझं मत. सीआरपी चढाच राहिला किंवा नवा अशक्तपणा आला, तर मात्र थांबू नये.

मणक्याच्या ऑपरेशननंतर टाके ओले झालेत. काय समजायचं?

असे संसर्ग बहुधा दोन ते चार आठवड्यांत डोकं वर काढतात: आधी कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढतं, जखमेतून पाणी किंवा पू येतो. घरी ड्रेसिंग करत बसू नका; ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा. लवकर धुऊन काढलं तर आतले स्क्रू बहुतेकदा वाचवता येतात.

लहान मुलांना होतो का?

होतो, आणि मूल ‘पाठ दुखते’ म्हणत नाही. ते चालेनासं होतं, बसवलं की रडतं, लंगडतं, कधी पोट दुखतं म्हणतं. लहान मुलांच्या गादीपर्यंत रक्तवाहिन्या पोहोचलेल्या असतात, मोठ्यांच्या नाहीत. त्यामुळे मुलांत संसर्ग थेट गादीत होऊ शकतो. बहुतेक मुलं औषधाने छान बरी होतात. क्षयामुळे मणके ढासळलेल्या मुलांवर मात्र वाढ पूर्ण होईपर्यंत लक्ष ठेवावं लागतं, कारण आजार गेल्यावरही वाढीबरोबर कुबड वाढू शकतं.

पूर्ण बरं होता येतं का? पुन्हा उलटतो का?

नसांना धक्का लागण्याआधी उपचार सुरू झाले तर बहुतेक जण पुन्हा कामाला लागतात. दोन मणके कधी एकमेकांना जुळून एकच हाड होतं. ती बिघाडाची नव्हे, भरून आल्याची खूण. थोडा ताठरपणा आणि बदलत्या हवेत कुरकुर काहींना राहते. आजार उलटला तर तो साधारण पहिल्या वर्षातच, म्हणून औषध संपल्यावरही तेवढा काळ तपासणी सोडू नये. क्षयाने मोठं कुबड राहिलेल्यांना कित्येक वर्षांनीही पायांत अशक्तपणा येऊ शकतो. तेव्हा ‘तो टीबी तर केव्हाच बरा झाला’ असं म्हणून गप्प न बसता मणक्याच्या डॉक्टरांना जुने रिपोर्ट घेऊन भेटावं.